मानेतली गाठ नसेची निघाली, ऑपरेशन करावं का? (सोलापूर)

होटगीरोडकर · ११ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगतो, चहा घेऊन बसा.

माझा मामा, वय ४८, मार्केट यार्डात अडत्याकडे कामाला आहे, कांद्याच्या लिलावात बोली पुकारतो. सोलापूरकरांना सांगायला नको पण बाकीच्यांसाठी, हंगामात यार्डाबाहेर ट्रकच्या रांगा लागतात आणि सकाळपासून ओरडून ओरडून माल विकायचा असतो. मामाचं भांडवल म्हणजे त्याचा गळा, दुसरं काही नाही. तर या मामाला मानेच्या डाव्या बाजूला, जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा खाली गाठ आहे. दुखत नाही, ताप नाही, वजन उतरलं नाही, म्हणून अंगावर काढत होता. मामीनं मागं लागून लागून दाखवायला नेलं. आधी अँटिबायोटिकचा कोर्स झाला, मग सुईची तपासणी, त्यात नुसतं रक्त आलं आणि रिपोर्टवर लिहिलं की निदान करता येत नाही. सुई घातली तेव्हा मामा कळवळला, म्हणे कानापर्यंत झिणझिणी गेली. तरी एका ठिकाणी (नाव नको) म्हणाले की आपल्याकडं मानेतल्या गाठी टीबीच्याच असतात, सहा महिने औषधं घालून बघू, कमी झाली तर टीबीच होता समजायचं. मामी तयार पण झाली होती. मी म्हटलं अजून एकाला दाखवू की, काय घाई आहे.

दुसऱ्या डॉक्टरांनी गाठ बोटांत धरून आडवी हलवली, मग वर-खाली हलवून बघितली (हलली नाही) आणि जरा दाबली तर मामाला खोकल्याची उबळच आली. परत दाबली, परत खोकला. ते लगेच म्हणाले आता सुई नको, आधी सोनोग्राफी आणि एमआरआय करून या. रिपोर्टमध्ये लिहिलंय की डाव्या कॅरोटिड स्पेसमध्ये साधारण ४ सेंमीची, काठ स्पष्ट असलेली गाठ, कॅरोटिड धमनी आणि जुगुलर शीर एकमेकींपासून लांब ढकलल्यात, व्हेगस नसेचा (मेंदूतून मानेत उतरणारी नस) श्वानोमा, म्हणजे नसेच्या आवरणाची गाठ, वाटतो.

डॉक्टर म्हणतात कॅन्सर नाही, साधी गाठ आहे, पण काढताना आवाजाला धोका आहे. मामा म्हणतो मग राहू दे तिकडं. मामी म्हणते काढूनच टाका. घरात दोन पार्ट्या पडल्यात आणि मी मधे. कुणाला अनुभव आहे का? सोलापुरात होतं का पुणे-हैदराबाद गाठावं?

शेंगाचटणी · ११ ऑक्टोबर, रात्री ११:०२

वाचतोय. मामांना शुभेच्छा.

तात्या_मंगळवेढेकर · १२ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

वयानं मोठा आहे म्हणून सांगतो. गाठीला सुरी लावू नये, लावली की पसरते. आमच्याकडं एकाची अशीच मानेतली काढली आन वर्षात माणूस गेला. सुई टोचली तिथंच घोळ केला तुम्ही. गाठ दुखत नाही ना, मग तिच्या वाटेला जायचं कशाला? लेप लावा, पथ्य पाळा.

पूर्वभागातली_अक्का · १२ ऑक्टोबर, दुपारी २:३०

होटगीरोडकर दादा, माझी पण अशीच नसेची गाठ होती पण जागा वेगळी, गळ्याच्या हाडाच्या वर, उजवीकडं. मी घरी टॉवेलच्या कडा शिवते मशीनवर. गाठीला चुकून काही लागलं, पर्सचा पट्टा जरी लागला तरी अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात करंट यायचा की ओ, सुई हातातून सुटायची. मानेचा मणका घासलाय म्हणून पट्टा घालून फिरले कितीतरी दिवस. मग एका डॉक्टरांनी गाठीवर बोटानं टकटक केलं, करंट हातात गेला, आणि ते म्हणाले ही मणक्याची भानगड नाही, हाताच्या नसांच्या जुडग्यातली गाठ आहे. एमआरआयमध्ये तेच आलं.

ऑपरेशन झालं माझं. हात शाबूत हाय. सुरुवातीला खांद्यातून हात वर उचलायला त्रास व्हायचा, केस विंचरता यायचे नाहीत, पोरगी विंचरून द्यायची. फिजिओथेरपीनं आला. अंगठ्याला थोडं बधिर वाटतं अजून, पण मशीन चालवते. तात्या, माझी पसरली बिसरली नाही ओ.

कानसेन · १२ ऑक्टोबर, रात्री ९:५०

मी कान-नाक-घसावाला. शिक्षण आपल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजातच, सिव्हिलच्या ओपीडीत मानेच्या गाठी पोत्यानं पाहिल्यात, आता पुण्यात असतो. मामांना मी तपासलेलं नाही, फिल्म बघितलेली नाही, तेव्हा हे सगळं सर्वसाधारण म्हणून वाचा.

आधी तात्यांसाठी. सुरी लावली की पसरते ही समजूत इतकी घट्ट आहे की लोक बऱ्या होणाऱ्या गाठी पण वाढवून आणतात. ज्यांची गाठ काढल्यावर वर्षात माणूस गेला त्यांचा बहुतेक आधीच पसरलेला कॅन्सर होता, सुरीनं तो जन्माला घातला नाही. श्वानोमा ही वेगळीच जात आहे. नसेच्या धाग्यांभोवती आवरण करणाऱ्या ज्या श्वान पेशी असतात (थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावानं) त्यांची ही गाठ, स्वतःच्या पिशवीत बसलेली. तिचं कॅन्सरमध्ये रूपांतर होणं अतिशय दुर्मिळ. वाढ पण अगदी संथ, वर्षाला १ ते ३ मिमी असा सर्वसाधारण हिशोब. म्हणजे ४ सेंमीची गाठ मामांना जाणवायला लागली अलीकडं असेल, आत ती बरीच आधीपासून बसलेली असणार. मेंदू आणि मणक्याच्या बाहेरच्या श्वानोमांपैकी साधारण २५ ते ४५ टक्के डोकं-मानेच्या भागात सापडतात, तरी एकूणात प्रकार दुर्मिळच, त्यामुळं पहिल्या डॉक्टरच्या डोक्यात तो न येणं समजू शकतो.

न समजण्यासारखं आहे ते पुढचं. मानेतली गाठ म्हटल्यावर टीबीचा संशय घेणं बरोबर आहे, फुप्फुसाबाहेरच्या टीबीचं मानेच्या लसिका गाठी हे नेहमीचं ठिकाण. पण टीबी सिद्ध करायला साधनं आहेत, सुईतून आलेल्या मालावर सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा जनुकीय माग काढणारी तपासणी) करता येतं. हाती काही पुरावा नसताना सहा महिने औषधं घालायची आणि गाठ कमी होते का बघायचं, यात लिव्हरवर ताण आणि खरं निदान सहा महिने लांब. मला हा प्रकार अजिबात पटत नाही आणि तो फक्त सोलापुरात होतो असं पण नाही, पुण्यात पण होतो.

सुईत नुसतं रक्त येणं आणि टोचताना झिणझिणी जाणं, हे नसेच्या गाठीत नेहमीचं. दाबल्यावर खोकला येणं ही तर व्हेगसची जवळजवळ सहीच. ज्यांनी दाबून बघितली त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा, पाच पैशाचा खर्च न करता अर्धं निदान बोटांनी केलं त्यांनी.

एमआरआयवाला · १२ ऑक्टोबर, रात्री ११:२०

डॉक्टरसाहेबांनी बोटाचं सांगितलं, आता आमच्या मशीनचं पण ऐका. मी टेक्निशियन आहे, रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट लिहितात, पण रोज बघून बघून कळायला लागतं.

मानेत कॅरोटिड धमनी आणि जुगुलर शीर शेजारी शेजारी एका म्यानात असतात आणि व्हेगस नस त्या दोघींच्या बेचक्यात मागच्या अंगाला. त्यामुळं व्हेगसची गाठ वाढली की ती दोघींच्या मधे घुसते आणि त्यांची फारकत करते. मामांच्या रिपोर्टात तेच आहे. सिंपथेटिक नावाची दुसरी नसांची साखळी म्यानाच्या मागं असते, तिची गाठ झाली तर धमनी आणि शीर दोघी जोडीनं पुढं ढकलल्या जातात, एकमेकींना सोडत नाहीत. आणि तिसरी जी असते ती कॅरोटिड बॉडी ट्यूमर, ती धमनी जिथं दोन फांद्यांत फुटते तिथं बरोबर बसते आणि दोन फांद्या फाकवते. तिच्यात रक्त एवढं असतं की फिल्ममध्ये काळे ठिपके दिसतात, वाहत्या रक्ताचे. म्हणून आधी डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी बरी, त्या गाठीला कुणी न बघता सुई मारली तर रक्तस्राव होऊ शकतो. ती गाठ पण श्वानोमासारखी आडवी हलते आणि वर-खाली हलत नाही, त्यामुळं नुसत्या हातानं गल्लत होते.

कॉन्ट्रास्ट (फिल्म स्पष्ट यावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) देणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट सोबत ठेवा. आणि कृपा करून खिशातली चावी, कंबरेचा करदोटा, गळ्यातली साखळी बाहेर काढून या. चांदीच्या करदोट्यावरून रोज एक तरी भांडण होतं आमच्याकडं.

नवीपेठ_नागेश · १३ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

माझं साधं म्हणणं. गाठ आहे ना, मग मुळासकट उपटा. नस गेली तर गेली, एका बाजूचीच आहे, दुसरी आहे की. अर्धवट काम ठेवलं की परत वाढणार आणि परत तोच खर्च. नेटवर वाचलं की नस वाचवून आतून गाठ काढतात, म्हणजे पिशवी आतच ठेवतात, हे काय लॉजिक आहे?

कानसेन · १३ ऑक्टोबर, रात्री १०:१५

नागेश, तुमचं लॉजिक कॅन्सरला लागू पडतं. तिथं आजूबाजूचं चांगलं मांस सोबत घेऊनच गाठ काढायची असते, काही वेळा नस पण द्यावी लागते. इथं गाठ निरुपद्रवी आहे आणि तिच्यासाठी आपण किंमत किती मोजायची हा प्रश्न आहे. मानेतल्या नसेच्या गाठीत "काढायची का?" याच्या आधी "कुठल्या नसेची?" हे विचारायचं असतं. अक्कांची हाताची नस होती तर शिवणकाम पणाला होतं, मामांची व्हेगस आहे तर आवाज पणाला आहे. मिमीमध्ये वाढणाऱ्या गाठीसाठी डोळे झाकून नस कापून देणारा सर्जन मी तरी निवडणार नाही.

व्हेगस ही लांबच लांब नस, मेंदूतून निघून मान, छाती, पोट. तिची एक फांदी डाव्या बाजूला थेट छातीत जाते, महाधमनीला खालून वळसा घालते आणि परत वर घशात येऊन स्वरतंतू हलवते. दुसरी फांदी वरच्या वर निघते, तिच्यामुळं उंच स्वर लागतो आणि घशाला आतून संवेदना असते. गाठीपाशी व्हेगस कापली तर तो स्वरतंतू कायमचा निकामी. आवाज हवेचा येतो, पाणी पिताना ठसका लागतो.

आता पिशवी आतच का ठेवतात. शेंगाचटणी यांच्या नावाला जागून सांगतो, टरफल जागेवर ठेवून दाणा बाहेर काढायचा असतो. गाठ नसेच्या आतून वाढते आणि नसेचे धागे टरफलावर पसरून चपटे होतात. सर्जन मायक्रोस्कोपखाली किंवा भिंगाच्या चष्म्यातून बघतो, बारीक करंटची कांडी टरफलावर फिरवून जिथं धागे नाहीत ती जागा शोधतो, तिथं नसेच्या लांबीच्या दिशेनंच चिरा देतो, आडवा कधीच नाही, आणि आतली गाठ सोडवून काढतो. परत वाढण्याचं म्हणाल तर ते क्वचित होतं, आणि झालंच तरी त्याच संथ चालीनं.

पण एक कडू गोष्ट सांगून ठेवतो. नस सलग ठेवली म्हणजे आवाज जसाच्या तसा राहील असं नाही. ताण बसलेली नस काही काळ झोपते. काहींचा आवाज आठवड्यांत येतो, काहींना महिने लागतात, काहींचा पूर्ण येतच नाही. ऑपरेशनच्या आधी स्वरतंतू दुर्बिणीतून बघून घ्या, कधी कधी गाठीनं ते आधीच मंद केलेले असतात आणि माणूस दुसऱ्या तंतूवर भागवत असतो. मग नंतर दोष सर्जनच्या माथी.

होटगीरोडकर · १३ ऑक्टोबर, रात्री ११:३०

कानसेन सर, खूप खूप आभार, मामाला वाचून दाखवलं. एकच प्रश्न. मामा म्हणतो कांद्याचा हंगाम तोंडावर आहे, डिसेंबर-जानेवारीत यार्डात पाय ठेवायला जागा नसते, तेवढा होऊन जाऊ दे. थांबलं तर चालतं का? का आमचा मामा वेडेपणा करतोय?

कानसेन · १४ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

वेडेपणा नाही, उलट या गाठीत थांबणं हा अधिकृत पर्याय आहे. त्रास नसेल, निदान पक्कं वाटत असेल तर सहा महिन्यांनी किंवा वर्षानं परत एमआरआय करून मोजमाप ताडून बघतात. सत्तरीच्या पुढच्या माणसाला मी बरेचदा हेच सुचवतो. मामा ४८ चे आहेत, पुढं गाठ मोठी होऊन ऑपरेशन अवघड होण्यापेक्षा कधीतरी काढलेली बरी असं मला वाटतं, पण ते कधीतरी म्हणजे उद्याच नाही. मात्र अचानक भराभर वाढायला लागली, दुखायला लागली, आवाज बसला, गिळताना अडकलं किंवा श्वासाला त्रास झाला तर कांदा गेला उडत, लगेच दाखवायचं.

हिशोबी_मुनीम · १४ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

पैशाचं कुणी बोलेना म्हणून मी बोलतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण प्रत्येक ऑपरेशन आणि प्रत्येक हॉस्पिटल त्यात बसतं असं नाही. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं एमआरआय रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार घेऊन बसा आणि ऑपरेशनचं नाव सांगून बसतं का ते आधी विचारा. ॲडमिट झाल्यावर धावपळ करू नका. नसेवर लक्ष ठेवणारं जे मशीन असतं त्याचा खर्च पॅकेजात धरलाय का वेगळा, हे पण त्याच बैठकीत विचारून घ्या.

अक्कलकोटवाला · १४ ऑक्टोबर, दुपारी १:२५

माझ्या थोरल्या भावाची सिंपथेटिक साखळीची होती. एमआरआयवाल्यांनी सांगितलं तस्संच, दोन्ही शिरा जोडीनं पुढं. ऑपरेशननंतर त्या बाजूची पापणी खाली आली आणि बाहुली बारीक झाली, चेहऱ्याच्या त्या अर्ध्याला घाम येत नाही. आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. दिसायला व्यवस्थित दिसतं त्या डोळ्यानं. पण एक गोष्ट आम्हाला माहिती नव्हती, जेवायला बसला की पहिल्या घासाला कानाखाली जबड्यात अशी कळ यायची की हातातली भाकरी खाली ठेवायचा, आणि दोन-चार घासांनी कळ गायब. घरच्यांना वाटलं नाटकं करतोय, दाढ बघून आला, दाढ ठणठणीत. कानसेन, हे काय असतं ओ?

कानसेन · १४ ऑक्टोबर, रात्री १०:३०

नाटकं नाहीत, भावाला माझ्याकडून सांगा. कानाखालच्या लाळेच्या ग्रंथीला सिंपथेटिक साखळीतून येणारा पुरवठा तुटला की ती पहिल्या घासाला जास्तच जोरात आवळते, त्याची ती कळ. इंग्रजीत फर्स्ट बाइट सिंड्रोम म्हणून नोंदलेलं आहे. पुष्कळांचं महिन्यांत ओसरतं. फार छळत असेल तर नसेच्या दुखण्यावरच्या गोळ्या असतात, काही जण ग्रंथीत बोटॉक्स देतात. जेवणाच्या सुरुवातीला आंबट टाळायला सांगा, लिंबू-लोणचं नंतर.

स्वरा_व्हॉइस · १५ ऑक्टोबर, दुपारी ४:००

मी स्पीच थेरपिस्ट आहे. मामांच्या धंद्याचं वाचलं म्हणून लिहिते. ऑपरेशनच्या आधीच आमच्यासारख्या कुणाकडं एकदा जा, आवाज रेकॉर्ड करून ठेवतात, नंतर तुलनेला उपयोगी पडतो. एक स्वरतंतू बसला तर दुसऱ्याला पलीकडं जाऊन त्याला गाठायला शिकवता येतं, ती कसरत असते आणि ती रोज करावी लागते. पाणी पिताना हनुवटी छातीकडं झुकवून घोट घ्यायचा, ठसका कमी लागतो. कुजबुजून बोलायचं नाही, लोकांना वाटतं त्यानं आराम पडतो, पडत नाही.

काही महिन्यांत तंतू हललाच नाही तर त्यात इंजेक्शनने भर घालून त्याला मधे आणता येतं, किंवा थायरोप्लास्टी असते. १९७४ साली इशिकी या जपानी सर्जननं मांडलेली पद्धत. घशाच्या कूर्चेत छोटी खिडकी करून आत तुकडा बसवतात आणि गंमत म्हणजे माणूस जागा असतो, त्याला टेबलावर बोलायला लावून आवाज ऐकत ऐकत तुकडा किती आत सारायचा ते ठरवतात. त्यामुळं आवाज गेला म्हणजे सगळं संपलं असं मामांना वाटू देऊ नका. लिलावातली आरोळी परत येईल का हे मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही. आरोळीला दोन्ही तंतू घट्ट मिटावे लागतात. माइकची सवय लावून घ्या म्हणावं आत्तापासूनच.

शेंगाचटणी · १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१२

माझ्या नावानं एवढी मोठी वैद्यकीय सेवा झाली, धन्य झालो. अवांतर: टरफल आणि दाणा हे मी आयुष्यात विसरणार नाही.

तात्या_मंगळवेढेकर · १५ ऑक्टोबर, रात्री ८:४५

ठीक आहे, डॉक्टर म्हणतात तर असेल. पण लेपानं नुकसान काय होतं ते कुणी सांगितलं नाही.

कानसेन · १५ ऑक्टोबर, रात्री ९:०५

तात्या, मानेवर बिब्ब्याचा लेप लावून कातडी भाजून आलेले लोक मी पाहिलेत. भाजलेल्या कातडीवर चिरा देता येत नाही, ऑपरेशन लांबतं. चोळणं, दाबणं तर अजिबात नको.

होटगीरोडकर · २ एप्रिल, रात्री १०:२०

धागा वर काढतोय, अपडेट द्यायचा राहिला होता. हंगाम झाला, यात्रा झाली, मधल्या काळात गाठ हाताला तेवढीच लागत होती. मामानं मग स्वतःच विषय काढला. पुण्यात करायचं ठरलं कारण इथल्या डॉक्टरांनीच सांगितलं की अशा गाठी नेहमी करणाऱ्या आणि नसेचं मॉनिटर असलेल्या ठिकाणी जा, त्यांनी चिठ्ठी पण दिली. सकाळची हुतात्मा पकडून गेलो. सर्जनबाईंनी आधी दुर्बीण घातली, दोन्ही तंतू व्यवस्थित हलत होते. मग अर्धा तास बसवून काय काय होऊ शकतं ते सांगितलं. मामानं एकच विचारलं, नस वाचवायची का गाठ पूर्ण काढायची असा पेच पडला तर काय कराल? बाई म्हणाल्या नस वाचवीन, थोडी गाठ राहिली तरी चालेल. मामा म्हणाला मग करा.

भूल देताना श्वासनळीत जी नळी घालतात तिलाच तारा असतात, त्या स्वरतंतूंना टेकतात. नसेला करंट लागला की मशीन आवाज देतं. त्यासाठी स्नायू ढिले करणारं औषध जपून द्यावं लागतं म्हणे, नाहीतर मशीन गप्पच बसतं. व्हेगसला धक्का लागला की हृदयाचे ठोके मंदावू शकतात म्हणून भूलतज्ज्ञ सतत त्यावर डोळा ठेवून होते. बाहेर आल्यावर बाईंनी सांगितलं की नस सलग आहे, गाठ आतून सोडवून निघाली.

बायोप्सीत श्वानोमाच आला. रिपोर्टात अँटोनी ए, अँटोनी बी, व्हेरोके बॉडी, एस-१०० पॉझिटिव्ह असं लिहिलंय. पॉझिटिव्ह वाचून मामीनं देव पाण्यात घातले, तिला समजावता समजावता घाम फुटला.

आवाज मात्र बसलाय. हवा निघते बोलताना, वाक्य अर्ध्यात संपतं. पाण्याचा ठसका पहिले दिवस फार होता, हनुवटी झुकवून पिण्याचा उपाय लागू पडला, स्वराताई धन्यवाद. परत दुर्बीण घातली तर डावा तंतू अगदी मंद आहे म्हणे, थोडा हलतोय.

कानसेन · ३ एप्रिल, सकाळी ७:१५

थोडा हलतोय हे चांगलं आहे. मामींना सांगा, एस-१०० पॉझिटिव्ह म्हणजे गाठ श्वान पेशींची आहे याची खूण, त्यात वाईट काही नाही. अँटोनी ए म्हणजे दाट पेशींचा भाग, बी म्हणजे सैल, स्वीडनच्या अँटोनीनं १९२० मध्ये वर्णन केलेले. दाट भागात पेशींच्या ज्या ओळी लागतात त्या व्हेरोके बॉडी, व्हेरोकेनं १९१० मध्ये दाखवल्या. शंभर वर्षं झाली, अजून रिपोर्टात तेच शब्द. तंतूची वाट बघा, व्यायाम चालू ठेवा, थायरोप्लास्टीची घाई नको. सहा महिने ते वर्ष थांबूनच कायमचा उपाय करतात, मधल्या काळात गरज वाटली तर तात्पुरतं इंजेक्शन.

पूर्वभागातली_अक्का · ३ एप्रिल, दुपारी ३:१०

मामांना सांगा, माझा हात पण पहिले दिवस असाच मेल्यासारखा होता. धीर धरा ओ.

नवीपेठ_नागेश · ३ एप्रिल, रात्री ९:३०

बरं झालं. आता लिलाव कोण पुकारतो?

होटगीरोडकर · ३ एप्रिल, रात्री ९:५५

त्यांचा थोरला. मामा काट्यापाशी नोंदी बघतो आणि पोराचं चुकलं की हातवारे करून शिव्या देतो. मालकानं माइक आणलाय, पण मामाला तो अजून पटत नाही.

जुळेसोलापूरची_पल्लवी · ६ एप्रिल, सकाळी ११:००

सगळा धागा वाचून काढला. माझ्या भावाच्या मानेत पण गाठ आहे, आणि अंगावर इकडं तिकडं मऊ गाठी आहेत लहानपणापासून, शिवाय चहाच्या रंगाचे डाग आहेत पोटावर पाठीवर. हे पण श्वानोमाच का?

कानसेन · ६ एप्रिल, रात्री १०:४०

पल्लवी, वर्णनावरून न्यूरोफायब्रोमा जास्त वाटतो, तो वेगळा. श्वानोमात धागे टरफलावर असतात, न्यूरोफायब्रोमात ते गाठीच्या आतून आरपार जातात, त्यामुळं नस वाचवून काढणं कितीतरी अवघड. चहाच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग, काखेत बारीक ठिपके, अंगभर मऊ गाठी असतील तर एनएफ-१ नावाचा जनुकीय आजार असू शकतो, साधारण ३००० माणसांत एकाला असतो आणि निम्म्या लोकांत घरात आधी कुणालाच नसतो. यात कॅन्सरचा धोका श्वानोमापेक्षा जास्त, म्हणून जी गाठ अचानक वाढते किंवा दुखते तिच्याकडं दुर्लक्ष नको. घाबरू नका पण दाखवा, डोळ्यांची तपासणी पण करून घ्या. आणि वेगळा धागा काढा, इथं मामांचं चालू आहे.

होटगीरोडकर, पुढचा एमआरआय सर्जनबाई सांगतील तेव्हा करा. जाताना जुन्या फिल्म आणि सीडी सोबत न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको, मोजमाप ताडायला चित्रंच लागतात.